अमिगा ५०० मध्ये पीसीची फ्लॉपी ड्राइव्ह बसवताना

अमिगा ५०० या संगणकाच्या उजव्या बाजूस असलेली साडेतीन इंची फ्लॉपी ड्राइव्ह हे त्याचे एकमेव अंगभूत साठवणीचे साधन आहे. ती बंद पडली की यंत्र सुरू होते, पण फ्लॉपी धरलेल्या हाताचे चित्र पडद्यावर दाखवून तिथेच थांबते. कमोडोर कंपनीने हा संगणक १९८७ मध्ये बाजारात आणला आणि १९९४ मध्ये ती कंपनीच दिवाळखोरीत गेली. त्यामुळे त्यात बसणाऱ्या चिनॉन किंवा मात्सुशिता बनावटीच्या मूळ ड्राइव्ह आता तयार होत नाहीत, आणि ज्या वापरलेल्या मिळतात त्याही बहुधा तितक्याच थकलेल्या असतात. याउलट पीसीच्या १.४४ एमबी ड्राइव्ह मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात थोडी शोधाशोध केली तर अजूनही हाती लागतात. अशी ड्राइव्ह अमिगा ५०० मध्ये आतील पहिली ड्राइव्ह म्हणून कशी चालवावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

फ्लॉपीऐवजी यूएसबी पेनड्राइव्हवरील प्रतिमा वाचणारी गोटेकसारखी उपकरणे बसवणे अधिक सोपे आहे, आणि ज्यांना फक्त जुने खेळ चालवायचे आहेत त्यांनी तोच मार्ग धरावा. परंतु ज्यांच्याकडे स्वतःच्या किंवा घरातील कोणाच्या हातच्या जुन्या फ्लॉपी आहेत, ज्यांवरील चित्रे, पत्रे आणि प्रोग्राम इतरत्र कुठेही नाहीत, त्यांना खरी, फिरणारी आणि चुंबकीय हेड असलेली ड्राइव्हच लागते.

या कामात मी एक नियम कटाक्षाने पाळतो: शक्य तेवढे सर्व बदल केबलमध्ये करावेत, संगणकाच्या बोर्डवर एकही करू नये आणि ड्राइव्हच्या बोर्डवर अगदी नाइलाज झाला तरच करावा. केबल पुन्हा बनवता येते. तीस-पस्तीस वर्षांच्या बोर्डवरील तुटलेली तांब्याची रेषा पहिल्यासारखी होत नाही.

आधी मूळ ड्राइव्ह खरोखर निकामी आहे का, ते पाहावे

अनेकदा ड्राइव्ह मेलेली नसते, नुसती माखलेली असते. संगणकाचा वीजपुरवठा पूर्ण काढून, खालच्या बाजूचे सहा स्क्रू सोडवून वरचे झाकण उचलावे, कीबोर्डचा जोड जपून बाजूला करावा, आणि धातूच्या आवरणाचे वळवलेले कान सरळ करून तेही काढावे. कान एकदाच सरळ करावेत, कारण वारंवार वाकवले की ते तुटतात. ड्राइव्ह बाहेर काढल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापसाच्या काडीने दोन्ही हेड हलक्या हाताने पुसावेत. वरचे हेड कधीही बोटाने उंच उचलू नये, कारण ते ज्या पातळ पट्टीवर तोललेले असते ती एकदा वाकली की फ्लॉपीच्या पृष्ठभागावर हेड नीट टेकत नाही. हेड पुढे-मागे नेणाऱ्या आट्यांच्या दांड्यावरील जुने वंगण वाळून घट्ट झालेले असते. ते पुसून नवे वंगण अगदी थोडे लावावे. हेड पावलापावलाने हलवणारी स्टेपर मोटर जागेवर धरणारे स्क्रू मात्र सैल करू नयेत. त्यांवरच ट्रॅकची, म्हणजे फ्लॉपीवरील मजकुराच्या वर्तुळाकार पट्ट्यांची, जुळणी अवलंबून असते, आणि ती बिघडली की तुमच्या ड्राइव्हवर लिहिलेली फ्लॉपी दुसरीकडे वाचता येत नाही.

एवढे करूनही ड्राइव्ह वाचत नसेल तर पुढचे काम हाती घ्यावे. मूळ ड्राइव्ह फेकू नये. तिचे पुढचे बटण, स्क्रू आणि वीज जोडणारी तार यांचा उपयोग होतो.

पीसीची ड्राइव्ह अमिगाला का कळत नाही

यांत्रिकदृष्ट्या दोन्ही ड्राइव्ह सख्ख्या बहिणी आहेत. दोन्हीत फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेते, दोन्हीत प्रत्येक बाजूस ८० ट्रॅक असतात, आणि दोन्ही शुगार्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फ्लॉपी ड्राइव्ह जोडण्याच्या पद्धतीच्या ३४ पिनांच्या जोडावर चालतात. अमिगा एका ट्रॅकवर ५१२ बाइटचे ११ सेक्टर लिहितो, त्यामुळे दोन बाजू मिळून ९,०१,१२० बाइट, म्हणजे ८८० केबी इतकी जागा होते. पीसीवर त्याच फ्लॉपीवर ७२० केबी बसतात. हा फरक ड्राइव्हचा नसून लिहिण्याच्या पद्धतीचा आहे. ड्राइव्ह फक्त चुंबकीय बदल वाचून पुढे पाठवते, त्यांचा अर्थ लावणे संगणकाकडे असते. १.४४ एमबीची ड्राइव्ह फ्लॉपीच्या कोपऱ्यातील दुसरे छिद्र नसल्याचे पाहून आपोआप कमी घनतेत काम करते, त्यामुळे अमिगाची मूळ फ्लॉपी तिच्यात निर्धास्तपणे चालते. उच्च घनतेची फ्लॉपी वापरायचीच असेल तर ते छिद्र चिकटपट्टीने झाकावे लागते, पण तिचा चुंबकीय थर वेगळ्या प्रकारचा असल्याने अशा फ्लॉपीवर महत्त्वाचे काही ठेवू नये. याच ड्राइव्हवर अमिगाला दुप्पट क्षमतेची फ्लॉपी वापरता येईल, अशी आशाही ठेवू नये. अमिगाची पॉला चिप तेवढ्या वेगाने येणारा मजकूर घेऊ शकत नाही, म्हणून अमिगासाठी खास बनवलेल्या उच्च घनतेच्या ड्राइव्ह अशी फ्लॉपी निम्म्या वेगाने, म्हणजे मिनिटाला १५० फेऱ्यांनी फिरवत असत, आणि ते पीसीच्या ड्राइव्हला जमत नाही.

खरा अडथळा तीन सिग्नलांचा आहे. पहिला निवडीचा. शुगार्ट पद्धतीत प्रत्येक ड्राइव्हला क्रमांक असतो आणि संगणक त्या क्रमांकाची तार खाली खेचून, म्हणजे तिच्यावरील व्होल्टेज शून्याजवळ आणून, तिला बोलावतो. अमिगा आपल्या आतील ड्राइव्हला क्रमांक ० समजून १० क्रमांकाच्या पिनवरून बोलावतो, तर पीसीच्या जवळजवळ सर्व ड्राइव्ह कारखान्यातूनच क्रमांक १ वर बसवलेल्या असतात आणि १२ क्रमांकाच्या पिनकडे कान लावून असतात.

दुसरा सिग्नल फ्लॉपी बदलल्याचा. पीसीची ड्राइव्ह तो ३४ क्रमांकाच्या पिनवर देते. अमिगाला तो २ क्रमांकाच्या पिनवर हवा असतो. पीसीत २ क्रमांकाची पिन घनता ठरवण्यासाठी राखलेली आहे, म्हणून ती अमिगाला तशीच जोडून ठेवणे योग्य नाही.

तिसरा सिग्नल सर्वांत जास्त त्रास देणारा आहे: ड्राइव्ह तयार असल्याचा. अमिगा तो ३४ क्रमांकाच्या पिनवर पाहतो, आणि पीसीला त्याची गरजच नसल्याने पीसीची ड्राइव्ह तो बाहेर देतच नाही. अमिगाची स्वतःची कार्यप्रणाली मोटर चालू केल्यावर ठरावीक वेळ थांबून काम करते, त्यामुळे वर्कबेंच, म्हणजे तिचा चिन्हांचा पडदा, या सिग्नलाशिवायही नीट चालतो आणि माणूस फसतो. कार्यप्रणाली बाजूला सारून थेट हार्डवेअरशी बोलणारे अनेक खेळ मात्र ड्राइव्हचे सिग्नल वाचणाऱ्या ८५२० चिपमधील या सिग्नलाच्या बिटची वाट पाहत बसतात आणि पडदा काळाच राहतो. ही अडचण खुद्द कारखान्यालाही चुकली नाही. कमोडोरनंतर एस्कॉम समूहाने १९९५ पासून जे अमिगा १२०० पुन्हा विक्रीस आणले, त्यांत पीसीच्याच बदल केलेल्या ड्राइव्ह होत्या, आणि तयार असल्याचा सिग्नल व्यवस्थित नसल्यामुळे काही जुने खेळ त्यांवर चालत नव्हते.

केबल

३४ तारांची सपाट रिबन केबल, दाबून बसवायचे दोन जोड, मल्टिमीटर, बारीक टोकाची सोल्डरिंग इस्त्री आणि उष्णतेने आकसणारी नळी एवढे साहित्य पुरते. पीसीची जुनी केबल तशीच वापरू नये. तिच्या टोकाजवळ १० ते १६ या सात तारांना पीळ दिलेला असतो, आणि त्या पिळापलीकडच्या जोडावर अमिगाची निवडीची तार ड्राइव्हच्या मोटरच्या पिनवर, तर मोटरची तार भलत्याच पिनवर जाऊन पोहोचते. त्या केबलचा पिळाआधीचा सरळ भाग मात्र चांगला उपयोगी पडतो.

लाल रेघ असलेली तार पहिली धरून मोजणी करावी. ड्राइव्हच्या बाजूकडील जोडापासून थोड्या अंतरावर १०, ११ आणि १२ या तीनच तारा पट्टीपासून सुट्या कराव्यात आणि त्या तिघींचा गट उलटा करून जोड दाबावा. अशा अर्ध्या पिळाने १० ची तार १२ वर जाते, १२ ची १० वर येते, आणि मधली ११ ची, जी जमिनीची (ग्राउंडची, म्हणजे शून्य व्होल्टची) आहे, ती जागची हलत नाही. निवडीचा प्रश्न एवढ्याने सुटतो. काही जुन्या पीसी ड्राइव्हवर क्रमांक निवडण्याचा खटका किंवा सोल्डरने जोडायच्या दोन टिकल्या असतात. तशी सोय दिसली तर तिथे क्रमांक ० निवडावा आणि केबल सरळ ठेवावी. दोन्ही उपाय एकदम केले तर ते एकमेकांना रद्द करतात.

त्यानंतर २ आणि ३४ या दोन तारा केबलच्या मध्यावर कापाव्यात. ३४ च्या तारेचे ड्राइव्हकडील टोक २ च्या तारेच्या संगणकाकडील टोकाला सोल्डर करावे आणि जोडावर नळी चढवावी. फ्लॉपी बदलल्याचा सिग्नल आता योग्य जागी पोहोचेल. २ च्या तारेचे ड्राइव्हकडील टोक कुठेही न जोडता झाकून टाकावे. उरलेले ३४ च्या तारेचे संगणकाकडील टोक तयार असल्याच्या सिग्नलासाठी मोकळे राहते.

तयार असल्याचा सिग्नल

हा सिग्नल मिळवण्याचे तीन मार्ग आहेत. काही ड्राइव्हच्या बोर्डवर इंग्रजी आद्याक्षरांत या सिग्नलाचे नाव छापलेली टिकली असते आणि तिच्या शेजारी फ्लॉपी बदलल्याच्या सिग्नलाची टिकली असते, कारण एकाच बोर्डवरून उत्पादक निरनिराळ्या ग्राहकांसाठी ड्राइव्ह बनवत असत. तिथे जोड एका टिकलीवरून दुसरीवर सरकवण्याचा मोह होतो, पण तसे केले तर ३४ क्रमांकाच्या पिनवरून फ्लॉपी बदलल्याचा सिग्नल नाहीसा होतो आणि आपल्याला तर दोन्ही हवे आहेत. म्हणून जोड होता तसाच ठेवावा आणि तयार असल्याच्या टिकलीपासून एक बारीक वेगळी तार काढून ती ३४ च्या मोकळ्या टोकाला जोडावी. ड्राइव्ह निवडलेली नसताना ही टिकली तार खाली खेचत नाही ना, हे मल्टिमीटरने आधी तपासावे.

अशी टिकली नसेल, आणि बहुतेक नव्या ड्राइव्हवर ती नसतेच, तर दोन स्वस्त चिपांचे एक छोटे मंडळ (सर्किट) सिग्नल तयार करून देते. ड्राइव्ह निवडलेली आहे आणि तिची मोटर चालू आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतील तरच ३४ ची तार खाली खेचायची, असा त्यामागचा विचार आहे. अमिगाकडून येणारे हे दोन्ही सिग्नल खाली असताना सक्रिय असतात, म्हणून ते ७४एलएस०२ या नॉर गेटच्या २ आणि ३ क्रमांकाच्या पायांना द्यावेत: एकाला केबलच्या संगणकाकडील १० क्रमांकाची तार आणि दुसऱ्याला १६ क्रमांकाची. दोन्ही खाली असतील तेव्हाच त्याच्या १ क्रमांकाच्या पायावर वरची पातळी येते. तो पाय ७४३८ या चिपच्या १ आणि २ या दोन्ही पायांना एकत्र जोडावा आणि तिच्या ३ क्रमांकाच्या पायावरून ३४ ची तार न्यावी.

साधा इन्व्हर्टर न वापरता ७४३८ का घ्यायची, हे समजून घेण्यासारखे आहे. आतली आणि बाहेरून जोडलेल्या इतर ड्राइव्ह या तारेत भागीदार असतात, त्यामुळे कोणत्याही ड्राइव्हने ती फक्त खाली खेचावी आणि एरवी सोडून द्यावी, वर ढकलू नये. ७४३८ चे आउटपुट उघड्या कलेक्टरचे असल्याने ते नेमके हेच करते. दोन्ही चिपांत १४ क्रमांकाच्या पायाला ५ व्होल्ट आणि ७ क्रमांकाच्या पायाला जमीन द्यावी, आणि या दोन पायांच्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चिपच्या जवळच बसवावा. न वापरलेले इनपुट जमिनीला जोडावेत. ७४एलएस०२ मध्ये ते ५, ६, ८, ९, ११ आणि १२ हे पाय आहेत, तर ७४३८ मध्ये ४, ५, ९, १०, १२ आणि १३. न वापरलेली आउटपुट मोकळी सोडावीत. हे सारे टपाल तिकिटाहून थोड्या मोठ्या छिद्रांच्या बोर्डवर बसते आणि ड्राइव्हच्या मागे आकसणाऱ्या नळीत गुंडाळून ठेवता येते. मोटरने पूर्ण वेग घेतल्याची खात्री हे मंडळ करत नाही, ती सुरू होताच होकार देते; परंतु सुरुवातीचा मजकूर चुकीचा वाचला गेला तर पुन्हा वाचणे हे बहुतेक खेळांच्या लोडरमध्ये अंतर्भूतच असते.

तिसरा मार्ग ३४ चे टोक सरळ जमिनीला जोडण्याचा आहे. तो अनेक जण अवलंबतात आणि त्याने बरेच खेळ चालतातही, पण मी तो सुचवत नाही. अमिगा बाहेर जोडलेली ड्राइव्ह कोणत्या प्रकारची आहे हे याच सामायिक तारेवरून ओळखतो, आणि तार कायमची खाली बांधली तर त्या ओळखीला काही अर्थ राहत नाही. मी पहिल्यांदा हाच सोपा मार्ग घेतला होता आणि पुढे बाहेरची ड्राइव्ह जोडल्यावर दोष तिचाच समजून दोन संध्याकाळी तिच्यात घालवल्या.

येथे सांगितलेले सर्व काही फक्त आतील ड्राइव्हसाठी आहे. अमिगा ५०० च्या बोर्डवर आतील ड्राइव्हसाठी मोटरची आज्ञा धरून ठेवण्याची सोय असते. बाहेरच्या जोडावर ती नसते आणि ते काम ड्राइव्हच्या पेटीतील फ्लिप-फ्लॉपला करावे लागते, त्यामुळे ही केबल बाहेरच्या ड्राइव्हला चालणार नाही.

वीज देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर

केबल संगणकाला लावण्याआधी मल्टिमीटर दोन टोके जोडलेली असल्यास वाजणाऱ्या खुणेवर ठेवून पुढील गोष्टी तपासाव्यात. संगणकाकडील १० ड्राइव्हकडील १२ ला लागते का. संगणकाकडील २ ड्राइव्हकडील ३४ ला लागते का. दोन्हींकडील २ एकमेकांना, आणि दोन्हींकडील ३४ एकमेकांना लागत नाहीत ना. आणि ५ व्होल्टची तार जमिनीला कुठे टेकलेली नाही ना. विजेचा छोटा चार तारांचा जोडही डोळे झाकून लावू नये. त्यात एका टोकाला ५ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला १२ व्होल्ट आणि मधल्या दोन जमिनीच्या तारा असतात. जोड उलटा बसला तर ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन ड्राइव्ह क्षणात जळते. ड्राइव्ह न लावता संगणक सुरू करून दोन्ही टोकांवरील व्होल्टेज मोजावे, बंद करावा आणि मगच जोडावी.

पहिल्यांदा फ्लॉपी न घालता संगणक सुरू करावा. थोड्या वेळात दर काही सेकंदांनी ‘टक्’ असा आवाज येऊ लागला तर निवड आणि पाऊल या दोन्ही तारा बरोबर आहेत. फ्लॉपी आली का, हे पाहण्यासाठी अमिगा हेड एक पाऊल हलवत असतो, त्याचा हा आवाज असतो आणि तो ऐकून मला आजही बरे वाटते. आवाजच नसेल तर दोष बहुधा १०-१२ च्या पिळात असतो. ड्राइव्हचा दिवा सुरू होताच लागून कायम तसाच राहिला तर रिबन केबल एका टोकाला उलटी बसली आहे, असे समजावे आणि लगेच संगणक बंद करावा.

आवाज येत असेल तर वर्कबेंचची एखादी प्रत, मूळ फ्लॉपी नव्हे, लिहिण्याची खिडकी उघडी ठेवून आत घालावी. साडेतीन इंची फ्लॉपीवर ही खिडकी उघडी असताना लिहिणे बंद असते. वर्कबेंच उघडल्यावर फ्लॉपी काढून दुसरी घालावी. पडद्यावरील चिन्ह बदलले तर फ्लॉपी बदलल्याचा सिग्नल पोहोचतो आहे. पहिल्या फ्लॉपीचे चिन्ह तसेच राहिले तर पुढे जाऊ नये, कारण जुन्या फ्लॉपीची यादी मनात धरून संगणक नव्या फ्लॉपीवर लिहू लागला तर तिच्यावरचा मजकूर नष्ट होतो. माझ्या मते या सर्व कामातील एवढीच एक चूक अशी आहे की जिची भरपाई नंतर करता येत नाही.

यानंतर ‘अमिगा टेस्ट किट’ हा विनामूल्य प्रोग्राम चालवावा. तो फ्लॉपीवरूनच सुरू होतो, म्हणून त्याची फ्लॉपी चालत्या अमिगावर आधीच बनवून ठेवावी. त्यात ड्राइव्हचे सिग्नल पडद्यावर प्रत्यक्ष बदलताना दिसतात: मोटर चालू करताच तयार असल्याचा सिग्नल यायला हवा आणि बंद करताच जायला हवा. वाचनाची आणि लिहिण्याची चाचणीही त्यात आहे. लिहिण्याची चाचणी अर्थातच रिकाम्या फ्लॉपीवर करावी, आणि लिहिलेली फ्लॉपी शक्य असल्यास दुसऱ्या अमिगावर वाचून पाहावी, म्हणजे ट्रॅकची जुळणीही कळते.

पेटीत बसवणे

पीसीच्या ड्राइव्हचा पुढचा प्लास्टिकचा चेहरा काढून टाकावा, कारण अमिगा ५०० च्या पेटीला स्वतःची फट असते. ड्राइव्हची फट पेटीच्या फटीच्या उंचीला आणण्यासाठी खाली प्लास्टिकच्या चकत्या घालाव्या लागतात. किती, ते ड्राइव्हगणिक बदलते आणि मोजूनच ठरवावे. फ्लॉपी बाहेर काढण्याचे बटण मात्र क्वचितच जुळते. मूळ ड्राइव्हचे बटण पीसीच्या ड्राइव्हच्या दांडीवर बसत असेल तर उत्तम. नाहीतर प्लास्टिकचा छोटा तुकडा घासून जोड तयार करावा. पेटी कापून भोक मोठे करू नये. धातूचे आवरण परत बसवताना ते नव्या मंडळाला किंवा सोल्डरच्या जोडांना टेकत नाही, हे दोनदा पाहावे.

शेवटी केबलवर कागदी चिठ्ठी लावून तिच्यावर १०-१२ चा पीळ, २ आणि ३४ ची अदलाबदल आणि मंडळाच्या तारा स्पष्ट लिहून ठेवाव्यात, संगणकाकडचे टोक कोणते तेही लिहावे, आणि मूळ केबल व मूळ ड्राइव्ह एका डब्यात एकत्र ठेवून त्यावर संगणकाचा अनुक्रमांक टाकावा.